डावीकडचं बटण

ओमानमधल्या सहम गावाच्या मुख्य रस्त्यावर, मासळीबाजाराकडे वळायच्या थोडं अलीकडे, एक दुमजली खाजगी दवाखाना आहे. तिथल्या रिसेप्शनवर देविका खानोलकर नऊ वर्षं बसत होती. नवरा कृष्णकांत सोहारच्या कारखान्यात, मुलगी अंतरा तिथल्याच इंडियन स्कूलमध्ये बारावीला. घर दवाखान्यापासून गाडीने चार मिनिटांवर. दवाखाना दुपारी एकला बंद व्हायचा आणि साडेचारला पुन्हा उघडायचा, त्यामुळे दुपार तिची स्वतःची असे.

ठाण्याहून आली तेव्हा देविकाला अरबीचं अक्षर येत नव्हतं. आता कामापुरती अरबी, थोडी मल्याळम, आणि हिंदीत चार प्रकारच्या माणसांशी चार प्रकारे बोलणं तिला जमत होतं. कुठल्या बाईला लेडी डॉक्टरच हवी असते, कोण पोटात दुखतंय म्हणून सांगतो आणि खरं दुखणं छातीत असतं, कुणाचा बताका, म्हणजे ओळखपत्र, संपायला आलाय, हे तिला माणूस दारातून आत येतानाच कळायचं. काउंटरवर तिच्याबरोबर फरिदा असायची, रायगडातल्या श्रीवर्धनची. तिसरी एक केरळची मुलगी. तिघी मिळून ते दालन चालवायच्या.

मग ॲप आलं. दवाखान्याच्या पाच शाखा होत्या आणि मुख्य ऑफिस मस्कतला, अल् खुवैरमध्ये. तिथून फलक आले, हसऱ्या कुटुंबाचे फोटो असलेले. यापुढे डॉक्टरांची वेळ फक्त मोबाईलवरून घ्यायची. आदल्या दिवशी फोनवर विचारणा येणार, उद्या येणार का, आणि खाली दोन बटणं. एक दाबलं की वेळ पक्की, दुसरं दाबलं की रद्द.

पहिला आठवडा लोक फोन काउंटरवर ठेवायचे आणि म्हणायचे, तूच कर. देविका करायची. तिचे हात झरझर चालायचे. मग वरून सूचना आली, की पेशंटचा फोन हातात घेऊ नका, त्यांना सवय होऊ द्या. सिस्टिममध्ये वेळ दिसत नसेल तर आत सोडू नका.

हुसैनमियाँना तिने दोनदा परत पाठवलं ते याच सूचनेमुळे.

हुसैनमियाँ हर्णैचे. अडतीस वर्षांपूर्वी सहमला आले आणि शेतावरच्या पंपांच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान टाकलं. आजूबाजूच्या लिंबाच्या आणि खजुराच्या बागांना पाणी देणाऱ्या निम्म्या मोटारी त्यांच्या हाताखालून गेलेल्या. साखरेचा आजार जुना. त्या हिवाळ्यात उजव्या पायाच्या करंगळीखाली एक जखम झाली आणि ती भरेना. पायाचे डॉक्टर सोहारहून एकाआड एक मंगळवारी यायचे. हुसैनमियाँ मंगळवारी वेळेवर, धुतलेला सदरा घालून, लंगडत आले. देविकाने स्क्रीनवर पाहिलं.

"चाचा, तुमची वेळ तुम्हीच रद्द केलीय की."

"मी?"

"कालच. इथं दिसतंय बघा."

त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. "बरं," म्हणाले, "पुढल्या येळेला येतो." डॉक्टरांकडे त्या दिवशी एकही जागा रिकामी नव्हती. रद्द झालेली वेळ दुसऱ्याने केव्हाच घेतली होती. दोन आठवड्यांनी हेच पुन्हा झालं. त्या दिवशी काउंटरवर गर्दी होती आणि देविकाचा आवाज चढला. "चाचा, यायचंच असतं तर रद्द कशाला करता? दुसऱ्यांची पण पंचाईत होते." हुसैनमियाँनी मान खाली घातली, खुर्चीचा आधार घेत वळले आणि गेले. तिसऱ्या वेळी ते आलेच नाहीत.

महिन्याभराने त्यांचा मुलगा साकिब औषधं न्यायला आला. त्याच्याकडून कळलं, की अब्बांना सोहारच्या मोठ्या इस्पितळात ठेवलंय. जखम आत गेली होती. दोन बोटं काढावी लागली.

"आता बरे आहेत," साकिब म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. देविकाला तेच सोसवेना.

त्या दुपारी तिने जेवणाचं ताट वाढून घेतलं आणि तसंच झाकून ठेवलं. परत कामावर गेल्यावर तिने हुसैनमियाँचं पान उघडलं. तीन ओळी होत्या, तिन्हींपुढे एकच शेरा, पेशंटने रद्द केले. पहिल्या दोन वेळा रद्द करणारा माणूस दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी दारात उभा होता. तिने फरिदाला दाखवलं.

"माणूस स्वतः रद्द करून परत येईल का गं?"

"विसरत असतील. वय झालंय," फरिदा म्हणाली.

"अडतीस वर्षं मोटारीची वायर कुठली कुठे जाते ते विसरले नाहीत."

फरिदाने खांदे उडवले. ती पाषाणहृदयी नव्हती. तिच्या काउंटरसमोर सहा माणसं उभी होती.

देविकाने एका जुन्या रजिस्टरची मागची पानं घेतली आणि लिहायला लागली. ॲपपाशी कोण कुठे अडतं एवढंच. एक बांगलादेशी शेतमजूर जन्मतारखेपाशी थांबला, कारण त्याला वर्ष माहीत नव्हतं. एका ओमानी आजींनी फोन नातवाकडे दिला, पण आजार नातवासमोर सांगायचा नव्हता म्हणून परत घेतला आणि घरी गेल्या. एका बाईने सगळं नीट भरलं आणि शेवटी फोनची बॅटरी संपली. दोन आठवड्यांत बारा पानं झाली.

अंतराने ते रजिस्टर जेवणाच्या टेबलावर पाहिलं. तिचं मराठी अडखळतं. घरात ती आईशी मराठी बोलायची खरी, पण वाक्य मधेच इंग्रजीत घसरायचं.

"आई, यू नो, ह्याला नाव आहे. यूजर रिसर्च. लोक ह्याचे जॉब करतात."

"लोकांकडे बघायचे?"

"हो. यूएक्स डिझाइन. वस्तू वापरताना माणसाला काय... काय होतं, ते बघतात. मग ती वस्तू बदलतात." तिने फोनवर काहीतरी शोधलं. "इथे फ्री कोर्स आहे. तू कर ना."

देविका हसली. कॉमर्सची पदवी, वय चव्वेचाळीस, आणि डिझाइन म्हणजे तिच्या लेखी रंग आणि चित्रं. शाळेत तिला चित्रकलेत कधी पासापुरतेही गुण पडले नव्हते. तरी दुसऱ्या दुपारी तिने लॅपटॉप उघडला.

पहिले पंधरा दिवस तिने चुकीच्या गोष्टीत घालवले. फुकट मिळणाऱ्या एका प्रोग्रॅममध्ये तिने दवाखान्याच्या ॲपचं पान पुन्हा रंगवलं. फिकट हिरवा, गोल कोपरे, वरती छोटा स्टेथोस्कोप. एक चौकोन दुसऱ्याच्या बरोब्बर रेषेत आणायला तिला दीड तास लागला आणि ते जमलं तेव्हा तिला खरंच आनंद झाला. अंतराला दाखवलं.

"छान दिसतंय," अंतरा म्हणाली. मग जरा थांबून, "पण त्या आजी? त्यांचं काय झालं ह्यात?"

काहीच झालं नव्हतं. आजी या हिरव्या पानावरूनही तशाच घरी गेल्या असत्या. देविकाने ते पान पुसलं नाही, बाजूला ठेवलं.

कोर्समधला तिसरा धडा लोकांशेजारी बसण्याचा होता. पाच माणसं निवडा, त्यांना एक काम द्या आणि पाहा. मदत करू नका, उत्तर सुचवू नका. ते गप्प झाले तर तुम्हीही गप्प राहा. देविकाला वाटलं, हे तर आपल्या हातचं. प्रत्यक्षात तिला कोर्सभर याहून अवघड काही भेटलं नाही. तिने एका सुताराला बसवलं आणि चौथ्या सेकंदाला तिचं बोट त्याच्या फोनवर होतं. दुसऱ्या एका बाईला तिने विचारलं, "सोपं आहे ना?" बाई सभ्यपणे हो म्हणाली. तिसऱ्याला शेवटी विचारलं, आवडलं का, तोही हो म्हणाला. तिने हे सगळं भाषांतर करून कोर्सवर पाठवलं. तपासणाऱ्याने एकच ओळ लिहिली होती. तुमच्या नोंदींत तुमचीच वाक्यं जास्त आहेत.

त्या ओळीचा तिला राग आला. कुणीतरी परक्या देशात बसून आपल्याला सांगावं, की तू फार बोलतेस. नऊ वर्षं तिने लोकांची वाक्यं पुरी केली होती. त्यालाच तर सगळे तिचा गुण म्हणत. ताप आहे ना, किती दिवस, तीन ना, डॉक्टर जॉर्ज चालतील ना, बसा. रांग भराभर सरकायची. पण या घाईत कितीजण हो म्हणून गेले असतील, ज्यांना नाही म्हणायचं होतं, याचा हिशोब कुणी ठेवला नव्हता.

शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी तिने घरातच सराव केला. कृष्णकांतला म्हणाली, आज चहा तुम्ही करा. आणि स्वयंपाकघरात स्टुलावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली. कृष्णकांतने पातेलं शोधलं, साखर शोधली, गाळणं मात्र सापडेना. त्याने तीन खण उघडले, पहिला पुन्हा उघडला. "कुठाय गं?" देविका गप्प. "अगं, कुठाय?" तिच्या ओठांवर आलेला शब्द तिने गिळला. शेवटी त्याने चहा न गाळताच कपात ओतला आणि चकित होऊन तिच्याकडे पाहत राहिला. "तुला बरं नाही का?"

गाळणं मिक्सरच्या मागे, भिंतीला लावलेल्या हुकावर होतं. तिच्या उंचीला, तिच्या हाताला सोयीचं. बारा वर्षं ते तिथेच होतं आणि त्या घरात तिच्याखेरीज ते कुणालाच दिसत नव्हतं. देविका बराच वेळ त्या हुकाकडे बघत बसली. चहातली पावडर दाताखाली येत होती तरी दोघांनी तो चहा संपवला.

हुसैनमियाँ दुकानात यायला लागल्याचं साकिबने कळवलं तेव्हा ती त्यांना भेटायला गेली. दुपारची असरची नमाज झाली होती. दुकान म्हणजे एक लांबट खोली, दोन्ही बाजूंना उघड्या पडलेल्या मोटारी, तांब्याच्या तारेची रिळं, वार्निशचा वास. हुसैनमियाँ खुर्चीवर, पट्टी बांधलेला पाय दुसऱ्या स्टुलावर. तिला पाहून ते उठायला लागले.

"उठू नका चाचा. मी माफी मागायला आलेय."

"कसली गो माफी, बाय?"

"त्या दिवशी बोलले तुम्हाला. सगळ्यांसमोर."

त्यांनी हात हलवला. "तुझा पण काम हाय. मशीन नाय म्हणाली तर तू काय करणार?" साकिबला त्यांनी चहा आणायला सांगितला. माफ करणं त्यांना इतकं सोपं गेलं, की तिला आपली चूक आणखीच जड वाटली.

मग तिने येण्याचं दुसरं कारण सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांची ड्रेसिंगची वेळ होती आणि त्याची विचारणा फोनवर आलेली असणार. तिने साकिबला आधीच सांगून ठेवलं होतं, की मी येईपर्यंत काही दाबू देऊ नकोस. "चाचा, तुम्ही नेहमी करता तसंच करा. मी फक्त बघणार. आणि फक्त तुमच्या हाताचा व्हिडिओ घेऊ का? चेहरा नाही."

"हाताचा घे की. हात चांगला हाय अजून."

त्यांनी फोन घेतला. पडद्यावर प्रश्न होता, खाली दोन निळी बटणं, आकाराने सारखी. हुसैनमियाँचा अंगठा क्षणभरही न थांबता डावीकडच्या बटणावर गेला. डोळे पडद्यावर पोहोचायच्या आधी अंगठा पोहोचला होता. पडद्यावर बारीक अक्षरांत काहीतरी आलं आणि ॲप पुन्हा पहिल्या पानावर गेलं. त्यांनी फोन खाली ठेवला.

"झाला," ते म्हणाले.

देविकाने ओठ घट्ट मिटले होते. तिने वाट पाहिली. बऱ्याच वेळाने ती एवढंच म्हणाली, "काय झालं, चाचा?"

"पक्का केला. उद्या येतो म्हणून सांगितला."

"हेच बटण कसं कळलं?"

"म्हंजे? पयल्यापासून तेच हाय. डावीकडला. पयल्यांदा तूच दाबून दाखवलंस ना, काउंटरवर."

ती थबकली. तिने दाखवलं होतं, ते खरं होतं. पहिल्याच आठवड्यात, त्यांच्या फोनवर, तिच्या झरझर चालणाऱ्या हातांनी. पण ती तर उजवीकडचं दाबते. सगळ्यांचं उजवीकडचंच दाबते. की नाही? तिने डोळे मिटून आठवून पाहिलं आणि हात आठवेना.

"चाचा, हाच फोन होता का तेव्हा?"

"नाय. तो जुना. अरबीवाला. अरबी मला वाचता येते, कुराण वाचतो ना, अक्षर ओळखीचा. तो पाण्यात पडला. मग ह्यानं हा नवा आणला, इंग्रजीवाला." त्यांनी साकिबकडे हनुवटी केली.

साकिब चहाचे पेले घेऊन उभा होता. "मला अरबी जमत नाही ना फोनवर," तो म्हणाला. "अब्बांना काही अडलं तर मला बघता यावं म्हणून इंग्रजी ठेवलं."

देविकाने फोन मागून घेतला, सेटिंगमध्ये जाऊन भाषा अरबी केली आणि ॲप पुन्हा उघडलं. अरबी उजवीकडून डावीकडे वाचतात, म्हणून सगळं पानच आरशात पाहिल्यासारखं उलटलं होतं. नाव उजवीकडे, मागे जायचा बाण उजवीकडे. आणि पक्कं करायचं बटण डावीकडे. तिने भाषा इंग्रजी केली. तेच बटण उजवीकडे गेलं आणि त्याच्या जागी, डावीकडे, रद्द येऊन बसलं. तिने हे तीन वेळा करून पाहिलं. हुसैनमियाँ पुढे वाकून बघत होते.

मग त्यांनी भिंतीवरच्या एका पेटीकडे बोट केलं. मोटार चालू करायचा स्टार्टर होता तो, एक हिरवं बटण, एक लाल. "ह्याची बटणं मी उद्या खालवर केली," ते सावकाश म्हणाले, "आणि शेतावरच्या माणसाला सांगितलाच नाय. त्याचा हात मशीनमध्ये. बंद करायला गेला आणि चालूच राहिली. तर लोक माणसाला वेडा म्हणतील का मेस्त्रीला?"

देविकाने मान खाली घातली. साकिब पेले तसेच धरून होता. "मी इंग्रजी केलं," तो हळूच म्हणाला. हुसैनमियाँनी हात लांब करून त्याच्या मनगटाला धरलं. "तू माझ्या भल्यासाठी केलास. गप." मग देविकाकडे वळले. "बाय, उद्याची माझी येळ आता गेली ना?"

ती गेली होती. देविकाने तिथूनच नर्सला फोन लावला आणि म्हणाली, उद्या सकाळी नऊला चाचा येतील, सिस्टिममध्ये दिसणार नाहीत, मी स्वतः आत आणेन. सूचनेविरुद्ध केलेली तिची ती पहिली गोष्ट.

पुढचे काही दिवस तिने दुपारी पुठ्ठ्याचे फोन कापले. त्यांवर कागदाची पानं चिकटवली. पक्कं करायचं बटण पूर्ण रुंदीचं, एकट्याने वर. रद्द करायचं खाली, लहान, आणि त्यानंतर एक सबंध पान, तुमची वेळ रद्द झाली, रद्द करायची नव्हती तर इथे दाबा. वर खाली ठेवलं की भाषा कुठलीही असो, पान उलटलं तरी बटण जागा सोडत नव्हतं. आता ती अकरा माणसांशेजारी गप्प बसली. पहिल्या तिघांनी तिने लावलेलं टिकमार्कचं चित्र वेगळंच काहीतरी समजून घेतलं, म्हणून ते काढलं. एकाला शब्द वाचता येत नव्हते, त्याच्यासाठी तिने आवाज सुचवला. ती जसजशी गप्प राहायला शिकली तसतशी माणसं आपणहून बोलायला लागली.

फरिदा हे सगळं काउंटरच्या दुसऱ्या टोकाकडून बघत होती. एके दिवशी दुपारी दवाखाना बंद करताना ती म्हणाली, "एक विचारू? हे ॲप चांगलं झालं, सगळ्यांना यायला लागलं, तर आपल्याकडे कोण येणार?"

देविका कुलूप लावत होती.

"तीन बायका कशाला लागतील मग? तू त्या मशीनला आपली जागा घ्यायला शिकवतेयस. फुकट. स्वतःच्या दुपारी खर्चून."

"चाचांची दोन बोटं गेली, फरिदा."

"माहीत्येय मला. माझ्या सासऱ्यांचा पण पाय असाच आहे. म्हणून काय मी बोलायचं नाही?" ती रागावली नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. "माझी नोकरी आहे म्हणून आमचा धाकटा इथे आहे, नाहीतर त्याला श्रीवर्धनला ठेवायला लागेल. तेवढं लक्षात ठेव, बाकी तुला करायचं ते कर."

कोर्समध्ये या प्रश्नावर धडा नव्हता. तिने तो मनात फिरवून पाहिला, चार दिवस, भाजी चिरताना, गाडी चालवताना. फरिदाचं खरं होतं. चाचांचंही खरं होतं. दोन्ही एका तागडीत घालता येत नव्हती. शेवटी तिने मुख्य ऑफिसला पत्र लिहिलं आणि पाठवायच्या आधी फरिदाला वाचायला दिलं. फरिदाने वाचलं, एका ठिकाणची इंग्रजी चूक दाखवली आणि कागद परत केला.

भेटीची वेळ तीन आठवड्यांनी मिळाली. कृष्णकांतने रजा घेतली आणि दोघं दोन तास गाडी चालवत अल् खुवैरला गेले. मंत्रालयांच्या इमारतींमागे, काचेच्या एका ऑफिसात, चौथ्या मजल्यावर ॲपचं काम बघणारा रुचिर नावाचा तरुण भेटला. पुण्याचा, तिशीतला, टेबलावर तीन पडदे. तो आधी इंग्रजीत बोलला, मग तिचं आडनाव वाचून मराठीत आला.

"मॅडम, पत्र वाचलं मी. पण आम्ही टेस्टिंग केलं होतं. व्यवस्थित."

"कुणाकडून करून घेतलं?"

"टीमने. ऑफिसातल्या लोकांनी. दोन्ही भाषांत."

"एकाच माणसाने? आधी एका भाषेत, मग सहा महिन्यांनी दुसऱ्या?"

देविकाने फोन काढला आणि व्हिडिओ लावला. पडद्यावर फक्त एक हात होता, नखांत वार्निश साचलेला, आणि डावीकडे गेलेला अंगठा. वीस सेकंदांचा व्हिडिओ. शेवटी हुसैनमियाँचा आवाज, "झाला." रुचिरने तो पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा त्याने स्वतःचा अंगठा तसाच हलवून पाहिला.

"त्यांचं काय झालं पुढे?" त्याने विचारलं.

देविकाने सांगितलं. तिने आवाज चढवला नाही आणि काही वगळलंही नाही, आपण त्यांना दोनदा परत पाठवलं, तेही सांगितलं.

रुचिर खुर्चीत मागे टेकला. "दोन्ही बटणं निळी ठेवायचं मीच ठरवलं होतं," तो म्हणाला. "लाल रंग घाबरवतो म्हणून." मग त्याने पुठ्ठ्याचे फोन एकेक करून उचलले, उलटेपालटे करून पाहिले, आणि खिडकीपाशी नेऊन त्यांचे फोटो काढले. निघताना तो लिफ्टपर्यंत आला. "ताई, तुम्ही हे शिकलात कुठे?"

"शिकतेच आहे अजून. तिसऱ्याच धड्यावर अडकलेय."

बदल व्हायला दहा आठवडे लागले. सगळं तिच्या पुठ्ठ्यासारखं झालं नाही. बटणं वर खाली आली, रद्द झाल्याचं मोठं पान आलं, एवढं झालं. आवाजाची सूचना महाग पडते म्हणून बाजूला राहिली, आणि आजींचा प्रश्न तर कुणी हातातच घेतला नाही. पण रद्द करूनही दारात येणारी माणसं जवळजवळ थांबली. पायाच्या डॉक्टरांनी एकदा विचारलं, हल्ली मंगळवारी सगळे कसे येतात.

आणि फरिदा म्हणाली होती तेही झालं. सहमच्या काउंटरवर तीनऐवजी दोघीच ठेवायचं ठरलं. फरिदाला काढलं नाही, सोहारच्या शाखेत पाठवलं. रोज जाऊन येऊन तास सव्वा तासाचा प्रवास वाढला. शेवटच्या दिवशी देविका तिच्यासाठी डबा घेऊन गेली. फरिदाने डबा घेतला, थँक्यू म्हणाली, आणि नंतर दोन महिने फोन उचलला नाही.

देविकाला ऑफिसातून पत्र आलं. पद रिसेप्शनिस्टचंच, पण दर बुधवारी तिने एकेका शाखेत जाऊन पेशंटांशेजारी बसायचं आणि काय दिसलं ते रुचिरला कळवायचं. अंतराला फार आनंद झाला. तिने शाळेत सगळ्यांना सांगितलं, की माझी आई यूएक्स रिसर्चर आहे. देविकाला तो शब्द स्वतःसाठी वापरणं अजून अवघड जात होतं. कोर्सचे सहा धडे उरले होते. त्यातल्या आकडेमोडीच्या धड्यात ती नापास झाली आणि तो तिने पुन्हा सुरू केला.

सोहारच्या शाखेचा बुधवार तिने दोनदा पुढे ढकलला. तिसऱ्यांदा ढकलणं बरं दिसलं नसतं. सकाळी नऊला ती पोहोचली तेव्हा फरिदा काउंटरवर होती, केसांवर नवा राखाडी स्कार्फ. तिने देविकाकडे पाहिलं, मग पेशंटकडे, मग पुन्हा देविकाकडे.

"कुठे बसणार?" तिने विचारलं.

"तिकडे, दाराजवळ. तुमच्या मध्ये येणार नाही."

"तिथून काय दिसणार? एसीचं पाणी गळतं तिथे." फरिदाने पायाने एक खुर्ची काउंटरच्या आतल्या बाजूला सरकवली. देविका बसली. लोक येत होते, जात होते. देविकाने वहीत दोन ओळी लिहिल्या.

साडेदहाच्या सुमाराला एक तरुण बाई कडेवर मूल घेऊन आली आणि एका हाताने फोन चालवायला लागली. मूल सारखं फोनला हात घालत होतं. बाई चार वेळा पहिल्या पानावर परत गेली. देविका तिच्याकडे बघत होती. फरिदा पावतीवर शिक्का मारता मारता, मान वर न करता म्हणाली, "डाव्या हातात धरलाय तिने. उजवीकडे मूल आहे. तिचा अंगठा वरपर्यंत पोहोचत नाहीये."

देविकाने वहीत ते लिहून घेतलं. मग तिने दुसऱ्या ओळीत फरिदाचं नाव लिहिलं, ऑफिसला कळवायच्या नोंदीत, आणि वही तिच्याकडे वळवून दाखवली. फरिदाने वाचलं. तेवढ्यात पुढचा पेशंट काउंटरला टेकला आणि ती त्याच्याकडे वळली.